ग्रुप कोणाच्या नंबरवर आहे?

जळगावच्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची डाळ मिल घ्या. ऑफिसात पंधरा-सोळा माणसं, शेडमध्ये शिफ्ट मिळून पंचवीसेक, बोदवडला एक गोडाऊन, सुरत-नागपूरकडे फिरणारे चार सेल्समन. काट्याची पावती, गाडीचा नंबर, लॉटचा फोटो, पार्टीची ऑर्डर, आजचा भाव, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. "ते बिल कोठे शे?" असं कुणी विचारलं की चौघं आपापला मोबाइल वर-खाली सरकवायला लागतात.

अशा ठिकाणी मेल, चॅट आणि फाइलींसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते व्हिडिओ कॉलला किती जण बसतात आणि स्टोरेज किती मिळतं इथून. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट तपासावी: खरेदी बघणारा माणूस उद्या सोडून गेला, तर त्याच्या कामातलं संस्थेकडे काय उरतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, शिकवावं लागत नाही, निरोप लगेच पोचतो. पण गेलेल्या माणसाला ग्रुपमधून काढलं तरी आलेले भाव आणि पार्ट्यांचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तसेच राहतात, आणि त्याच्या जागी आलेल्याला मागचा सगळा इतिहास मिळत नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच असेल तर आणखी पंचाईत.

म्हणून सुरुवात डोमेनपासून, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावापासून करा. डोमेन बऱ्याचदा वेबसाइट बनवणाऱ्याच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) खात्यात मालक म्हणून संस्थेचं नाव, संस्थेचा ईमेल आणि मालकाचा मोबाइल आहे का, हे स्वतः लॉगिन करून बघा. नसेल तर पुढचं काहीही विकत घेण्याआधी ते बदलून घ्या, कारण डोमेन ज्याच्या हातात, मेल शेवटी त्याच्याच हातात. अ‍ॅडमिन खाती दोन ठेवा, दोन वेगळ्या माणसांकडे, दोन्हींना टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आणि बॅकअप कोड कागदावर छापून तिजोरीत. रिसेलरकडून (मधल्या विक्रेत्याकडून) घेत असाल तर मुख्य अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे राहील हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

यानंतर लायसन्सची, म्हणजे माणशी पैसे भरायच्या खात्यांची मोजणी. पन्नास माणसं म्हणजे पन्नास लायसन्स हा हिशेब महागात पडतो. ज्यांना रोज मेल आणि फाइल लागतात त्यांनाच पूर्ण खातं द्या. वरच्या मिलमध्ये ते अठराच्या आसपास भरतील. सुपरवायझर आणि काट्यावरच्या माणसासाठी मायक्रोसॉफ्ट आणि गुगल दोघांकडेही फ्रंटलाइन नावाचे स्वस्त प्लॅन आहेत. हमाल-मापाड्यांना खात्याची गरज नाही. 'खरेदी', 'लेखा', 'डिस्पॅच' असे कामाच्या नावाचे पत्ते काढा, म्हणजे माणूस बदलला तरी पार्टीचा पत्ता तोच राहतो. मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंतच्या शेअर्ड मेलबॉक्सला (अनेकांनी मिळून वापरायच्या पत्त्याला) वेगळं लायसन्स लागत नाही. गुगलमध्ये हेच काम 'गुगल ग्रुप'ने होतं. वर्षाचा खर्च मांडताना १८ टक्के जीएसटी धरा, आणि भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळण्यासाठी बिलावर संस्थेचा जीएसटी नंबर आहे ना, ते बघा.

आता कोणतं घ्यायचं? लेखा विभाग मॅक्रोवाल्या (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या) एक्सेल फाइलींवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५. त्या फाइली गुगल शीट्समध्ये नेल्या की मॅक्रो चालत नाहीत. माणसं जास्त करून मोबाइलवरच काम करत असतील, तर गुगल वर्कस्पेस लवकर अंगवळणी पडतं. बिझनेस स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबी मिळतात, मात्र मीटिंग रेकॉर्ड करता येत नाही. मुख्य गरज मेल आणि चॅटची आहे आणि खर्च आवरायचाय, तर चेन्नईच्या झोहोचं वर्कप्लेस जरूर वापरून बघा. चॅटसाठी स्लॅक उत्तम आहे, पण फुकट प्लॅनमध्ये फक्त ९० दिवसांचे मेसेज दिसतात; मार्चअखेरीला जूनची ऑर्डर शोधणाऱ्या धंद्याला ते पुरायचं नाही. मोठ्या संस्थांनी एवढं लक्षात ठेवावं की गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही बिझनेस प्लॅनला ३०० माणसांची मर्यादा आहे. स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फाइली साठवायचं सॉफ्टवेअर) बसवणं शक्य आहे, पण रोज बॅकअप बघणारा पगारी माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

ट्रायलच्या दिवसांत एक चाचणी कराच. एक नकली कर्मचारी बनवा, त्याच्याकडून पाच मेल, दोन फाइली, थोडं चॅट करून घ्या आणि मग खातं डिलीट करा. त्याच्या फाइली कुणाकडे गेल्या? चॅट सापडतं का? गुगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०. त्या मुदतीत डेटा दुसऱ्याच्या नावे करून घ्यायचा राहिला की तो गेला. विक्रेत्याचा डेमो कितीही देखणा असो, मी या चाचणीवरच निर्णय घ्यायला सांगेन.

आपल्याकडे हमखास अडणारी जागा म्हणजे जुने मराठी फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइलीत दिसायला मराठी असतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यामुळे ती मोबाइलवर उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात, आणि ड्राइव्हमध्ये 'उधारी' शोधलं तर एकही फाइल येत नाही. सगळं बदलत बसू नका. चालू आणि मागच्या वर्षाच्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (खरी मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) आणा, त्याआधीच्या पीडीएफ करून ठेवून द्या. बदललेल्या फाइलीत रफार, 'ऱ्या' आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच होतात. एक्सेलमध्ये मराठी नावांचा रकमांपासून वेगळा कॉलम निवडून तेवढाच कन्व्हर्ट करा, नाहीतर आकडेही बिघडतात. पुढचं टायपिंग युनिकोडमध्येच होईल हे पहिल्या दिवशी ठरवा.

दुसरी अडचण टॅलीची. टॅलीचा चालू डेटा वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये (आपोआप इंटरनेटवर कॉपी होणाऱ्या) कधीही ठेवू नका. टॅली एकाच वेळी अनेक फाइलींत लिहीत असते आणि सिंक त्या अर्धवट अवस्थेतच उचलतं. दोन मशीनवरून काम झालं की कंपनीचा डेटा करप्ट होतो. सिंक फोल्डरमध्ये जावी ती संध्याकाळी घेतलेली बॅकअप फाइल.

नेटवर्कचं गणित थोडक्यात. चांगल्या व्हिडिओ कॉलला माणशी साधारण ३ एमबीपीएस धरा, म्हणजे सहा जण एकदम बसले तर १८, आणि तेवढाच वेग अपलोडलाही हवा. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा डाउनलोडचा असतो. काट्यापासून ऑफिसपर्यंत कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंतच चालते, पुढे फायबर टाका. पत्र्याच्या शेडमध्ये वायफायची रेंज कुठेकुठे तुटते. आत वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) वायरने जोडा. उन्हाळ्याला तर गृहीतच धरायला हवं. बहुतेक साध्या राऊटरांच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखाली त्याहून जास्त. यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं. राऊटर, स्विच आणि यूपीएस ऑफिसच्या थंड भिंतीवर, डाळीच्या भुशापासून लांब लावा. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या माणसाच्या फाइली निघण्याआधीच ऑफलाइन करून द्या. घाटात पोचल्यावर ते जमत नाही.

बदलाची तारीख निवडताना नव्या तुरीची आवक, मार्चअखेर आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) टाळा. आषाढ-श्रावणातला, २० तारखेचं जीएसटी रिटर्न भरून झाल्यानंतरचा शनिवार सोयीचा. आदल्या दिवशी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो आकडा, ३०० सेकंद करा, शनिवारी संध्याकाळी एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचं ते सांगणारी नोंद, बदला, आणि जुनं होस्टिंग निदान महिनाभर बंद करू नका. एसपीएफची, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी, नोंद एका डोमेनला एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी घातली की एसपीएफची तपासणीच फसते आणि पार्टीला गेलेली बिलं स्पॅममध्ये पडतात. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, चालू करा. रविवारी एका जीमेल पत्त्यावर मेल पाठवून 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमसमोर 'पास' आलंय का ते बघा. डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम, सुरुवातीला 'नन'वर (काहीच करू नका) ठेवा आणि तीन-चार आठवडे रिपोर्ट पाहून मगच 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) करा, कारण वेबसाइटचा फॉर्म किंवा बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्याच नावाने मेल पाठवत असतं आणि ते तोवर कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.