अर्धा तोळा शरद

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थोरलीच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. ऋतूंवर चार्ट करून आणायचा, प्रत्येकाला एक ऋतू. आमच्या वाट्याला 'ऑटम' आला. सोबत नमुन्याचं चित्र होतं: लालभडक पानांचा सडा आणि त्यात लोकरी टोपी घातलेला एक गुबगुबीत मुलगा. त्या वेळी आमच्या घरात पंखा पाचवर फिरत होता आणि दोरीवरची दुपटी तीन दिवस वाळत नव्हती.

थोरली पाच वर्षांची. चित्र बघून म्हणाली, "बाबा, हे कुठेय? आपण जाऊ या."

मी तिला समजावलं की आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस आवरतं घेतो, दुपारचं ऊन चावायला लागतं, पहाटे गवतावर दव पडतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपला ऑटम कुठे असतो?"

"माझ्या माहेरी," बायको धाकट्याला भरवता भरवता म्हणाली. झालं. दसऱ्याला कोल्हापूर ठरलं, आणि वाटेत कास.

२०२५ चं नवरात्र दहा दिवसांचं होतं, दसरा २ ऑक्टोबरला. आम्ही ३० सप्टेंबरला पहाटे पुण्यातून निघालो. निघालो म्हणजे साडेपाचला निघणार होतो, सव्वासातला निघालो. दहा महिन्यांचं मूल असलेल्या घरात पहाट ही अशीच लांबते. गाडीत बाबागाडी घ्यायचीच असा हट्ट माझा होता. बायको म्हणाली होती, कातळावर कुठे चालवणार? मी म्हणालो, बघू. (हे 'बघू' मला पुढे दिवसभर ऐकवण्यात आलं.)

खंबाटकी चढताना डोंगराच्या कडेकडेने पिवळं दिसायला लागलं. सोनकी. तशी नाजूकच, पण एकदा फुलली की अख्खा उतार हळदीने माखल्यासारखा करून टाकते. थोरलीने काच खाली करून जाहीर केलं, "ऑटम पिवळा आहे!" चार्टचा अर्धा प्रश्न सुटला असं मला वाटलं.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कास साधारण पंचवीस किलोमीटर. पठार समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातलं हे एक. हंगामात दिवसाला तीन हजारच माणसं आत सोडतात, म्हणून आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. मंगळवार असूनही गर्दी होती, पण फुलापुढे दोन मिनिटं उकिडवं बसता येईल इतपत.

आता खरं सांगतो. आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांची कासला थोडी निराशा होते. फोटोत जांभळे-गुलाबी गालिचे बघितलेले असतात. प्रत्यक्षात तेरड्याचा गुलाबी भर ओसरत आलेला, पिवळं मात्र जोरात, आणि मोठ्या माणसाच्या उंचीवरून बघितलं तर बाकी सगळं नुसतं ओलं गवत. बाबागाडीची पुढची चाकं तिसऱ्या मिनिटाला दोन दगडांच्या फटीत रुतली. मी ती घडी करून काखेत मारली आणि पुढचे दोन तास तसाच हिंडलो. धाकटा आईच्या पोटावरच्या झोळीत होता. तो काही बघत नव्हता, तिच्या ओढणीचं टोक चघळत होता.

थोरली मात्र बसली. वाटेच्या कडेला, कातळात साचलेल्या वीतभर पाण्यापाशी. तिथे गवताच्या काडीएवढ्या देठांवर जांभळट-निळी, तिच्या करंगळीच्या नखाएवढी फुलं होती. शेजारच्या गावातली एक ताई पर्यटकांना माहिती सांगत होती, ती आमच्यापाशी थांबली. म्हणाली, "ही सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण किडे खातात बरं का."

थोरलीने डोळे मोठे केले. ताईने मग नीट सांगितलं. खाली सगळा जांभा दगड, वर मातीचा जेमतेम थर, त्यात झाडाला पोसायला फारसं काही नाही. मग ही झाडं बाहेरून कमावतात. सीतेच्या आसवांना पाण्यात, चिखलात बारीक फुगे असतात. त्यांच्या तोंडापाशी एखादा सूक्ष्म जीव आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. पलीकडे दवबिंदू नावाचं दुसरं एक झाड होतं. त्याच्या लालसर पानांवर चिकट थेंब चमकत होते. किडा दव समजून बसतो आणि अडकतो.

"म्हणजे सीता रडली आणि तिच्या अश्रूंनी किडे खाल्ले?" थोरलीने विचारलं. ताईकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

पुढचा पाऊण तास आम्ही त्या डबक्यापाशीच होतो. किडा आत जाताना दिसेल म्हणून ती वाट बघत होती, आणि तो इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही हे तिला काही केल्या पटत नव्हतं. कुमुदिनी तळ्यापर्यंत जायचं आमचं ठरलं होतं, ते राहिलं. मिकी माउस म्हणतात ते पिवळं फूल बघितलं, गेंदाच्या पांढऱ्या टिकल्या बघितल्या. धुकं येऊन समोरचं सगळं पुसून गेलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा लखलखीत ऊन पडलं. तेवढ्यात धाकट्याने झोळीतच कार्यक्रम उरकला. कपडे बदलायचे तर सपाट, कोरडी जागा हवी. त्या अख्ख्या पठारावर तशी जागा एकच निघाली: माझ्या काखेतली बाबागाडी. मी बायकोकडे फक्त बघितलं. बोललो नाही.

चार्टसाठी एक फूल नेऊ का, असं थोरलीने विचारलं. तोडायला बंदी आहे म्हटल्यावर तिने ताईची वही मागून मागच्या पानावर एक निळा ठिपका काढला, ताईने पान फाडून दिलं. ते पान साताऱ्यात कंदी पेढे घेताना दुकानात विसरलं. त्यावरून कऱ्हाडपर्यंत गाडीत जो आकांत झाला त्याचं वर्णन करत नाही.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सासरे फाटकातच उभे. "आलासा पावणं? गाडी निवांत चालवलासा न्हवं?" सासूबाईंनी धाकट्याला उचललं आणि ठरलेलं वाक्य म्हणाल्या, "पोरगं किती वाळलंय!" धाकटा साडेदहा किलोचा आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मेहुण्याने ट्रॅक्टर धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घातली होती, सासूबाईंच्या शिलाई मशीनला हळद-कुंकू लागलं होतं. थोरलीने आपली रंगीत पेन्सिलींची पेटी पूजेत नेऊन ठेवली आणि ती दसऱ्यापर्यंत हलवायची नाही म्हटल्यावर पस्तावली. संध्याकाळी अंबाबाईला गेलो. नवरात्रातली रांग बघून लहान मुलं असलेल्यांनी करायचं तेच केलं. मुखदर्शन घेऊन बाहेर पडलो.

दसऱ्याला कोल्हापूरकर शिलंगण म्हणतात, सीमोल्लंघन नाही. सकाळी मेहुण्याने शेताच्या बांधावरचा आपटा दाखवला. मी दर वर्षी पुण्यात चौकातून पानांची जुडी घेतो. तिचा फोटो मोबाइलमध्ये होता, तो मोठ्या कौतुकाने त्याला दाखवला. तो हसायलाच लागला. "दाजी, हे कांचन हाय. आपटा असला बघा." त्याने एकच पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, मधोमध खाच. माझ्या जुडीतली पानं मोठी, पातळ, लांबोडकी. म्हणजे इतकी वर्षं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोटं सोनं वाटत होतो आणि तेही मला तेच देत होते, त्यामुळे हिशेब बरोबर.

मेहुण्याने फांदी तोडू दिली नाही. माणशी एक पान. धाकट्याचं धरून सात.

संध्याकाळी दसरा चौक. आम्ही चारला गेलो तरी पुढची जागा गेली होतीच. बायको धाकट्याला घेऊन आईबरोबर मागे सावलीत बसली, थोरली माझ्या खांद्यावर. अंबाबाईची, भवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी आली. मग छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी आली. तिच्यासाठी वयस्कर माणसंही टाचा उंचावतात. मला दिसत होत्या पुढच्या माणसांच्या माना, त्यामुळे सोहळा मी खांद्यावरून आलेल्या धावत्या समालोचनातून ऐकला. "घोडा आला. घोड्याने शी केली. राजा उतरला. राजाने मुकुट नाही घातला, फेटा घातलाय."

सूर्य मावळायला टेकला, शमीपूजन झालं, आरती झाली, बंदुकींचे बार निघाले, आणि एका क्षणात सगळा चौक पुढे धावला. लक्कडकोटात मांडलेलं आपट्याचं सोनं लुटायचं असतं. मी थोरलीला सासऱ्यांकडे दिलं आणि घुसलो. का घुसलो माहीत नाही. ऑफिसात लिफ्टसाठीसुद्धा मी मागे थांबतो. कुणाची कोपरं लागली, एक चप्पल पायातून गेली, परत मिळाली, कुणीतरी "दादा, घ्या की!" म्हणून मलाच पुढे ढकललं. बाहेर आलो तेव्हा मूठ घट्ट मिटलेली होती. उघडली तर त्यात पान होतं अर्धं. खाचेपासून फाटलेलं, एकच पाकळी.

थोरलीचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं बाबा पोतं भरून आणणार.

सासऱ्यांनी ते पान तिच्या हातात ठेवलं. "अर्धा तोळा तर अर्धा तोळा. शिलंगणाचं हाय, बाजारातलं न्हवं." मग तिला घेऊन ते गर्दीतल्या ओळखीच्या प्रत्येकाच्या पाया पडायला लावत फिरले. तासाभरात तिच्या फ्रॉकचे दोन्ही खिसे पानांनी फुगले. पण रात्री उशीखाली तिने ठेवलं ते अर्धंच.

तीन तारखेला पन्हाळा. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, गाडी थेट वर जाते, त्यामुळे लहान मुलांसाठी याच्यासारखा गड नाही. त्याच वर्षी जुलैत पन्हाळ्यासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. मी थोरलीला सिद्दी जौहरचा वेढा सांगितला. १६६० सालचा पाऊस, चार महिने अडकलेले महाराज, जुलैतली ती रात्र आणि विशाळगडाकडे निघालेली पालखी. तिचा एकच प्रश्न होता: "चार महिने जेवले काय?" म्हणून अंबरखाना दाखवला. धान्याच्या त्या कोठारांच्या भिंतीपुढे आमची गाडी खेळण्यातली वाटत होती. आतल्या अंधारात धाकट्याने हुंकार दिला, तो घुमून परत आला. त्याने पुन्हा दिला. त्या दोघांचं संभाषण आम्ही दहा मिनिटं ऐकत बसलो. आमच्या मागचे लोक बिचारे शांतपणे थांबले.

चार तारखेला परतलो. सहाला कोजागरी. थोरल्या अपत्याला आश्विनी पौर्णिमेला ओवाळतात, त्यामुळे त्या दिवशी तरी घरात तिचाच मान पहिला होता. दहा महिने सगळ्यांचं लक्ष धाकट्याकडे गेल्यावर ही तिथी कुणी ठरवली असेल त्याला माझा नमस्कार. गच्चीवर दूध आटवलं, केशर घातलं. ती नऊला झोपली, आम्ही साडेनऊला. 'को जागर्ति' विचारायला लक्ष्मी आली असेल तेव्हा घरात जागा एकटा धाकटाच होता. काय बोलणं झालं ते तो सांगत नाही.

आणि चार्ट? शाळेत द्यायच्या आदल्या रात्री मी मुकाट्याने लाल-केशरी पानं छापून आणली आणि चिकटवली. कोपऱ्यात थोरलीने पिवळ्या खडूने डोंगर रंगवला आणि शेजारी एक निळा ठिपका काढला. अर्धं पान मात्र चिकटवू दिलं नाही. "ते खरं सोनं आहे," म्हणाली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सोसायटीच्या जिन्याखाली किल्ला केला. माती एका बांधकामावरून मागून आणली, पोतं भिजवून उतार केले, मोहरी आणि हळीव पेरले. किल्ला अर्थातच पन्हाळा. महाराजांच्या सिंहासनापेक्षा तिला अंबरखाना मोठा हवा होता, म्हणून बुटांचं खोकं मातीने लिंपलं आणि त्यात तांदूळ, तूरडाळ आणि चार बेदाणे भरले. चार महिन्यांचा शिधा. पाचव्या दिवशी हळीव उगवून आला. अर्धं पान एव्हाना सुकून तांबूस झालं होतं, कडा आत वळल्या होत्या. तिने ते खराट्याच्या काडीला टोचलं आणि अंबरखान्याच्या डोक्यावर निशाण म्हणून रोवलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी मावळे मांडत होतो आणि धाकटा माझ्या मागे बसलेला होता, किंवा असं मी समजत होतो. वळून बघितलं तर वेढा पडलेला. साहेब पूर्वेच्या उतारावरून हळीव तुडवत वर पोचले होते, खोकं आडवं झालं होतं, बेदाणे संपले होते, काडी एका हातात होती आणि निशाण कुठेच नव्हतं.

"बाबा!" थोरली किंचाळली. "त्याच्या तोंडात!"

मी बोट घातलं. त्याने जबडा मिटला. त्याला आता खाली दोन दात आहेत.