विरलं, फाटलं की उसवलं?

माझ्या पहिल्या कथेचं पहिलं वाक्य असं होतं: 'दोघा भावांचं नातं जणू जुन्या कापडासारखं टरकन फाटलं होतं.' या वाक्यावर मी जाम खूश होते. 'जणू' आहे, 'सारखं' आहे, वर 'टरकन'पण आहे. एका वाक्यात माल भरावा तरी किती!

वाचून दाखवायला घरात आप्पाच होते. आप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत दहा बाय आठच्या गाळ्यात त्यांनी अडतीस वर्षं शर्ट-पँटी शिवल्या. शाळा सातवीपर्यंत, आणि पेपर सोडला तर वाचन नाही. बटण लावता लावता त्यांनी वाक्य ऐकलं आणि मान वर न करता विचारलं, "जुनं कापड टरकन कसं फाटंल?"

"म्हणजे?"

"टरकन फाटतं ते नवं. कोरं मांजरपाट फाडताना आवाज ऐकलायस न्हवं? जुनं कापड आवाज करत न्हाई. ते विरतं. हात लावला की बोट आरपार. आन शिलाई असती ती उसवती. तुज्या त्या भावांचं नक्की काय झालंय? फाटलंय, उसवलंय का विरलंय?"

मला सांगता येईना. आप्पांनी दोरा दातानं तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

त्या रात्री मी चिडलेच होते. यांना काय जातंय बोलायला, कथेतलं कापड म्हणजे काय दुकानातलं कापड आहे का! पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण उत्तर मला खरंच येत नव्हतं. उसवलं असेल, तर कापड शाबूत असतं, नुसता दोरा गेलेला असतो. म्हणजे भाऊ दोघंही धड आहेत, मधलं जोडणारं माणूस गेलंय. आई गेली असेल. पुन्हा टीप मारली की झालं. फाटलं असेल, तर त्याला दिवस आणि वेळ असणार, आवाज असणार. कथेत भांडण हवं, आणि नंतर रफू करा नाहीतर ठिगळ लावा, खूण राहणारच. पण विरलं असेल, तर शिंपीसुद्धा हात जोडतो. विरलेल्या कापडावर टाका धरतच नाही. सुई घालाल तिथं नवं भोक.

माझ्या भावांचं विरलेलं होतं. हे कळल्यावर कथेतला सगळ्यात जोरदार प्रसंग, ज्यात थोरला जेवणाचं ताट भिरकावतो, तो काढावा लागला. तीन पानं गेली. (आमटी भिंतीवरनं ओघळते त्याचं वर्णन मला फार आवडलं होतं. अजून वहीत आहे, कुणाला हवं असेल तर न्या.) त्या जागी अगदी बारीकसारीक गोष्टी आल्या. आधी दुधाची पिशवी वेगळी झाली. मग भिंतीवर दोन कॅलेंडरं आली, एका खिळ्याशेजारी दुसरा खिळा. मग थोरल्याची शिफ्ट म्हणून गणपतीची आरती दोनदा व्हायला लागली. कुणी कुणाला वाकडं बोलत नाही. शेवटी धाकटी जाऊ थोरलीला विचारते, "तुमच्याकडं जिरे असतील का?" आणि त्या 'तुमच्याकडं'वर कथा थांबते. 'जणू' गेलं, 'सारखं' गेलं, कापडही गेलं. पहिलं वाक्यच उडालं. चौथ्या पानावर 'घर विरत चाललं होतं' एवढे चार शब्द उरले.

'जणू'ची ही खोड मला शाळेत लागली. तिथं आम्ही अलंकार शिकलो ते ओळखायला. ओळीत सम, समान, सारखा, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. 'मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो' आलं की श्लेष, कारण मित्र म्हणजे सूर्यसुद्धा. अर्थ न वाचता पैकीच्या पैकी गुण. उपमेचे चार भाग बाईंनी घोटून घेतले होते: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. चारही हजर असले की पूर्णोपमा, एखादा गैरहजर असला की लुप्तोपमा. मला तेव्हा वाटायचं, लुप्तोपमा म्हणजे काहीतरी अपुरं, गुण कापले जाणारं. त्यामुळं निबंधात मी कधी काही लुप्त होऊ दिलं नाही. 'सूर्य जणू सोन्याच्या गोळ्यासारखा' असं लिहिलं की बाई त्याखाली लाल शाईनं रेघ ओढून 'छान' लिहायच्या. ते 'छान' अंगातनं उतरायला वीस वर्षं गेली.

आप्पांच्या प्रश्नानंतर मी दुकानात बसून त्यांचे शब्द वहीत उतरवायला लागले. रंगाचंच घ्या. रंग उडतो तो उन्हानं. उतरतो तो पाण्यात, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसतो. विटतो तो नुसत्या वयानं, ट्रंकेत घडी घालून ठेवलं तरी. आता हेच माणसांकडं बघा. भीतीनं चेहऱ्याचा रंग उडतो, निकाल बघून तोंड उतरतं, आणि तेच ते करून मन विटतं. रोज बोलतो आपण हे, आणि 'जणू' कुणी लावत नाही. मनाला विटायला कापडाची परवानगी लागत नाही.

बाही नीट बसली नाही की खांद्याशी झोल येतो, आणि पतपेढीचा हिशेब नीट बसला नाही की तिथंही झोलच असतो. कापडाच्या कडेचा सुटा धागा म्हणजे दशी. 'पार दशा निघाल्या' असं आप्पा जुन्या टॉवेलकडं बघून म्हणायचे, आणि आई आप्पांकडं बघून 'काय दशा करून घेतलीय' म्हणायची. कापड मापानं कापायचं ते बेतायचं. सत्य घटनेवर बेतलेली कथा, असं परीक्षणात लिहिणाऱ्याच्या हातात कात्री असते, पण त्याला कुठं माहीत असतं!

असल्या शब्दांमागं लागून मला कोश वाचायचं व्यसन लागलं. मोल्सवर्थचा कोश, १८५७ सालची दुसरी आवृत्ती, आता मोबाईलवरही बघता येते. एका शब्दासाठी उघडायचा आणि तासाभरानं भलत्याच कुठल्या जनावराच्या खोडीपाशी पोचलेलं असायचं. 'ओढाळ' हा त्यातलाच शब्द. राखण चुकवून दुसऱ्याच्या पिकात शिरणारं जनावर ते ओढाळ. तो वाचला आणि बहिणाबाई चौधरींची ओळ नव्यानं ऐकू आली: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर.' शाळेत आम्ही हे रूपक म्हणून पाठ केलेलं, मन हेच ढोर वगैरे. पण ढोर तर नंतर येतं. 'वढाय' म्हणजे ओढाळच, आणि तो शब्द म्हटल्याबरोबर आसोद्याच्या, म्हणजे बहिणाबाईंच्या गावच्या, माणसाला शिंगं दिसली असणार. जळगावजवळच्या त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं रचलं ते मुलानं, सोपानदेवांनी, लिहून ठेवलं, आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये, ती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. कुठला साम्यवाचक शब्द गाळायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला गुरांचा शब्द येत होता, तो तिनं मनाला लावला.

बरं, ती 'जसा'सुद्धा बिनदिक्कत वापरते. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर.' घ्या, पूर्ण 'जसा' आहे! पण तो तवा नुसता दाखवायला ठेवलेला नाही. पुढच्याच ओळीत हाताला चटका बसतो आणि मग भाकरी मिळते. त्या तव्यावर काम चालतं. माझ्या जुन्या कथांतल्या उपमा शोकेसमधल्या कपबशांसारख्या होत्या, पाहुण्यांनासुद्धा त्यातनं चहा मिळायचा नाही. म्हणून 'अलंकार टाळा, साधं लिहा' असा सल्ला लेखन कार्यशाळेत कुणी दिला की मला पटत नाही. साधं म्हणजे काय? 'विरलं' हे साधं की अलंकारिक?

एका कथेत मी कापडाचा माग चालवणाऱ्या म्हाताऱ्याचे केस 'बर्फासारखे पांढरेशुभ्र' केले होते. हिमालय मी कॅलेंडरवर पाहिलेला. आमच्याकडं बर्फ म्हणजे भुश्शात गुंडाळलेली लादी, सरबताच्या गाड्यावर किसायची. ती पांढरी कुठली, तिच्यातनं पलीकडचं पोतं दिसतं. त्या म्हाताऱ्याचा जन्म सुतात गेला. मग केस 'खळ दिलेल्या सुतासारखे' झाले: ताठ, जरा पिवळट पांढरे, हात लावला तर खरखरीत. इथं 'सारखे' राहिलं, राहू दिलं.

मागाच्या आवाजापाशी मात्र अजून अडते. खटखट, खडखड, खटाक्‌ खटाक्‌, सगळं लिहून झालं. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही, ही खरी अडचण. आडवा दोरा नेणारा धोटा रात्रंदिवस इकडून तिकडं पळत असतो आणि आम्ही त्यात ढाराढूर. लाइट गेली, माग थांबले, की मात्र अख्खी गल्ली जागी व्हायची. आई अंथरुणातनंच म्हणायची, "गप झालं गं सगळं." आवाज लिहायचा तर तो थांबलेला लिहावा, इथवर आलेय. पुढं अजून जमलेलं नाही.

आता मी कशी लिहिते ते सांगते. सणासुदीला कोटाचं काम आलं की आप्पा आधी पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब कच्चा टाका घालायचे. गिऱ्हाइकाची ट्रायल झाली, मशीनवर पक्की टीप पडली, की ब्लेडच्या टोकानं तो दोरा उचलून सर्रकन ओढून काढायचे. मला लहानपणी तेच काम द्यायचे. पहिल्या खर्ड्यात मी 'जणू' मुद्दाम, हवं तेवढं लिहिते, कारण काय कशाला जोडायचंय हे तेव्हा मलाच कळलेलं नसतं. गेल्या वर्षीच्या कथेत असं होतं: 'फोंडा घाटात एसटी जणू दमलेल्या म्हशीसारखी चढत होती.' दोन आठवड्यांनी दोरा ओढला. पहिल्यांदा 'धापा टाकत' झालं. ते नको, प्रत्येक घाटातली प्रत्येक एसटी धापाच टाकते. मग गिअरचा तो चावल्यासारखा आवाज आठवला आणि झालं: 'फोंडा घाटात एसटी रवंथ करत चढली.' म्हैस गेली, रवंथ राहिलं. कधी दोरा ओढला की दोन्ही तुकडे हातात येतात. मग समजायचं की खाली पक्की टीप पडलेलीच नव्हती.

भावांची ती कथा तीन वर्षांनी एका दिवाळी अंकात आली. अंकाचं नाव सांगत नाही, मानधन वेळेवर दिलं त्यांनी. आधी एक गोष्ट खटकली. माझी थोरली जाऊ आमच्याकडच्या बायकांसारखी बोलते, "मी जातो", "मी आलो". छापताना कुणीतरी ते व्याकरणशुद्ध करून "मी जाते" केलं होतं. एवढ्या एका मात्रेनं बाई कागलची होती ती पुण्याची झाली.

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मीच वाचून दाखवत होते. त्यांनी डोळे मिटलेले. चौथ्या पानावर मी जे छापलंय तेच वाचलं: 'घर जणू विरत चाललं होतं.'

आप्पांनी डोळे उघडले. "जणू? ते कुठनं आलं?"

"छापणाऱ्यांनी घातलंय, आप्पा."

"कच्चा टाका काढायचा ऱ्हायला म्हण की."

मी पर्समधलं बॉलपेन काढून तो शब्द खोडला आणि पुढं वाचायला लागले. दुसरी प्रत बेळगावला ताईकडं गेलीय, तिच्यात आहे अजून.