मीठ चाखायला कोण?

मॅसॅच्युसेट्समधल्या एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात मी मदतनीस आहे. भाज्या चिरायच्या, ट्रे लावायचे, कोणाला मऊ जेवण आणि कोणाला कमी मिठाचं त्या चिठ्ठ्या सांभाळायच्या. शेगडी मुख्य आचाऱ्याची. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मात्र पहाटेपासून बर्फ कोसळत होता आणि साडेआठला त्याचा फोन आला. "गाडी दारातच रुतलीय. दुपारचं तुलाच बघावं लागणार."

फळ्यावर लिहिलं होतं, 'अमेरिकन चॉप सुई'.

पुण्यात आम्ही 'अमेरिकन चॉप्सी' खायचो, म्हणजे कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, गोडसर लाल सॉस आणि वर अंडं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स धरून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, या नावाखाली ताटात येतो तो बीफचा खिमा, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि कोपरासारखी वाकडी एल्बो मॅकरोनी. चीनचा काही संबंध नाही. अमेरिकेत इतरत्र यालाच बरेच जण गुलाश म्हणतात. हंगेरीचा गुलाश म्हणजे मांसाच्या तुकड्यांचं, पॅप्रिका घातलेलं रसदार कालवण, तेव्हा तेही नाव उसनंच. पण इथल्या शाळांच्या कॅन्टीनमध्ये हे वर्षानुवर्षं वाढलं गेलंय, त्यामुळे आमच्याकडची म्हातारी मंडळी या दिवसाची वाट बघतात.

आणि मी बीफ खात नाही. शिजवायला काही वाटत नाही, खायची मात्र घरात कधी सवयच नव्हती. म्हणजे साठ माणसांचं जेवण न चाखता करायचं.

१५ पौंड खिमा मी एकदमच मोठ्या कढईत ओतला आणि फसले. परतला जाण्याऐवजी तो स्वतःच्याच पाण्यात रटरटायला लागला, रंग ओल्या सिमेंटसारखा. दोन तृतीयांश बाहेर काढला. उरलेला पातळ पसरला आणि हलवायचा मोह आवरून नुसती उभी राहिले. पाणी आटलं, चर्र आवाज बदलला, तळाला तपकिरी खरपुडी धरली. असे तीन घाणे केले. सुटलेली चरबी टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात काढली, सिंकमध्ये ओतली तर पाइपात गोठून बसते. मग थर्मामीटर खुपसला. १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस, झाल्याशिवाय खिमा पुढे जात नाही. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळले जातात. ऐंशी-नव्वदीच्या पोटांशी खेळ नको.

कांदा, मिरची, लसूण, टोमॅटोचे दोन मोठे डबे. कमी मिठाचं आधी बाजूला काढलं आणि मगच उरलेल्यात मीठ आणि खारट-आंबट वूस्टरशर सॉस घातला. मॅकरोनी पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच उपसली, कारण जेवण गरम ठेवणाऱ्या टेबलावर ती रस पीतच राहते आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत लगदा होतो.

आता चव कोण बघणार? भांडी घासणारा मुलगाही बर्फात अडकलेला.

अकरा वाजता खिडकीशी कॉफीसाठी एक बाई रोज येतात. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते. कधीकाळी शाळेच्या कॅन्टीनमध्ये त्या स्वयंपाक करायच्या. त्यांची चिठ्ठी तपासली, पथ्य काही नव्हतं. वाटीत दोन चमचे घालून पुढे केलं.

त्यांनी सावकाश चघळलं. मग वाटी परत सरकवली.

"मीठ बरोबर आहे. आंबट आहे. साखर घातली नाहीस?"

मी गप्प. घरी आमटीत गुळाचा खडा टाकल्याशिवाय झाकण न ठेवणारी मी! टोमॅटोच्या आंबटाला साखर लागते हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण जीभ कामाला लावली नाही की हातही विसरतात, हे त्या दिवशी कळलं. मूठभर साखर घातली, आणखी दहा मिनिटं उकळलं, दुसरी वाटी नेली. त्या काही बोलल्या नाहीत, वाटी तेवढी ठेवून घेतली.

बाराला वाढलं. ट्रे परत आले तेव्हा एका ताटाच्या कडेला ढोबळी मिरचीचे तुकडे ओळीने मांडलेले होते, अगदी माझा मुलगा मांडतो तसे. बाकीची ताटं जवळपास रिकामी.

रस्ते बंद म्हणून रात्री तिथेच थांबले. टोमॅटोत मिसळण्याआधी वाडगाभर मॅकरोनी बाजूला ठेवली होती. लॉकरमधली लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली आणि तिच्याशी ती खाल्ली.