नकाराचा पाहुणचार

प्रेमकथेला विरोधक लागतो, आणि विरोधक म्हटला की आपल्या मनात मिशीला पीळ देणारा बाप, दाराला बाहेरून लावलेली कडी आणि मुलीच्या हातातून हिसकावून घेतलेला मोबाइल एवढे साहित्य आपोआप गोळा होते. अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या इराणी कुटुंबांवरच्या ज्या समकालीन इंग्रजी प्रेमकादंबऱ्या मी गेली काही वर्षे आवडीने, आणि थोड्या चोरटेपणानेही, वाचत आले आहे, त्यांतल्या चांगल्या कादंबऱ्यांत यांपैकी काहीही घडत नाही. तिथे नको असलेल्या मुलाला अगत्याने बसवून घेतात, त्याच्यापुढे चहा ठेवतात, फळे आणि काकड्या सोलून त्याच्या बशीत वाढतात, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि तो गेल्यावर "तुझा मित्र फार सज्जन आहे हो" असे मुलीला सांगून तो विषय कायमचा मिटवून टाकतात.

या वागण्यामागे जी रीत आहे तिला इराणी लोक तारुफ म्हणतात. टॅक्सीवाल्याने भाडे घेताना "राहू द्या, तुमच्यापुढे त्याची काय किंमत" असे म्हणायचे आणि गिऱ्हाइकाने ते खरे न मानता पैसे पुढे करायचे, पाहुण्याने पहिल्या दोन आग्रहांना नको म्हणायचे आणि यजमानाने तिसऱ्यांदा आग्रह करायचा, हॉटेलच्या बिलासाठी दोघा मेहुण्यांनी एकमेकांचे मनगट धरून ठेवायचे, हे सगळे तारुफमध्ये येते. आपल्या पंगतीतल्या आग्रहाशी त्याचे दूरचे नाते आहे, पण आपला आग्रह पान उचलले की संपतो, आणि तारुफ लग्नाच्या बोलणीपासून शोकसभेपर्यंत माणसाची पाठ सोडत नाही. आपल्याला काय हवे आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे नाही, आणि समोरच्याला काय नको आहे ते त्याने न सांगता ओळखायचे, हे त्याचे सार. आता प्रेमकादंबरी या प्रकाराची गंमत अशी की तिच्यात केव्हा ना केव्हा कोणीतरी कोणाला तरी "मला तू हवा आहेस" असे स्वच्छ शब्दांत सांगावेच लागते, नाही तर वाचकाचे पैसे वसूल होत नाहीत. ज्या घरात "मला आणखी भात हवा" हेसुद्धा सरळ सांगणे अप्रशस्त मानले जाते, त्या घरातल्या मुलीला हे वाक्य आईसमोर उच्चारायचे असते, आणि सगळ्या कादंबरीला पुरेल एवढे नाट्य मला या एकाच अडचणीत दिसते.

नायक बाहेरचा, म्हणजे सरळसोट अमेरिकन वळणाचा असेल, तर या अडचणीला विनोदाचे अंग येते. पोट भरल्यावर तो प्रामाणिकपणे नको म्हणतो आणि त्याच्या ताटात पुन्हा भाताचा डोंगर उभा राहतो. निघताना नायिकेची आई "हे घर तुझेच समज" म्हणते आणि त्याला वाटते की जिंकलो. गाडीत बसल्यावर नायिका त्याला समजावून सांगते की आईने आज त्याला तीन वेळा नकार दिला: एकदा त्याचे कौतुक फारच केले तेव्हा, एकदा त्याच्या कामाबद्दल काहीच विचारले नाही तेव्हा, आणि एकदा खरपूस तहदीगचा, म्हणजे भांड्याच्या तळाशी धरलेल्या भाताच्या कुरकुरीत थराचा, सर्वांत मोठा तुकडा त्याला दिला तेव्हा, कारण तो मान पाहुण्याचा असतो आणि घरच्या माणसाला तहदीगसाठी भांडावे लागते.

असल्या कादंबरीच्या लेखिकेला ते घर आतून माहीत आहे की नाही, हे मी चहावरून ओळखते. मुलाकडची माणसे मुलगी मागायला येतात त्या भेटीला खास्तेगारी म्हणतात. फुले आणि मिठाईचा डबा घेऊन पाहुणे दिवाणखान्यात बसतात, वडीलधारे हवापाण्याच्या गप्पा मारतात, आणि ज्या मुलीमुळे ही सभा भरली आहे ती आत चहा करत असते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम पाहिलेल्या, किंवा त्यातून गेलेल्या, मराठी वाचकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. समोवारवर, म्हणजे पाणी कढत ठेवणाऱ्या बंबासारख्या भांड्यावर, ठेवलेल्या चहादाणीतला दाट अर्क आधी काचेच्या छोट्या, मध्ये बारीक असलेल्या पेल्यात ओतायचा आणि मग त्यात कढत पाणी घालून हवा तो रंग आणायचा. आई मागे उभी राहून एक पेला उजेडासमोर धरते, रंग फार गडद वाटला तर थोडा चहा काढून पुन्हा पाणी घालते, आणि बशीत एक थेंब सांडलेला दिसला तरी ती बशी बदलायला लावते. तबक आधी सर्वांत वयस्कर पाहुण्यापुढे जाते आणि मुलासमोर सर्वांत शेवटी, तोवर त्या मुलीने वर पाहायचे नसते आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहायचे असते. खडीसाखरेसारखा कडक साखरेचा खडा दातांत धरून पाहुणे बिनदुधाच्या चहाचा घोट घेतात. लॉस एंजेलिसमधल्या कादंबरीत तबक धरणारी ही मुलगी बहुधा वकील किंवा दंतवैद्य असते, समोरचे स्थळ मावशीने शोधलेले असते, आणि जीन्सच्या खिशातला तिचा फोन भलत्याच मुलाच्या निरोपाने थरथरत असतो. लेखिकेने इथे चहात दूध घातले किंवा तो मोठ्या मगांतून दिला, की पुढच्या पानांवरचा माझा विश्वास निम्मा उडतो.

स्थळ पसंत नसेल तर मुलीकडचे नाही म्हणत नाहीत. मुलीला अजून शिकायचे आहे, असे सांगतात. मुलीच्या नावामागे आधीच दोन पदव्या असल्या तरी हेच उत्तर चालते, आणि मुलाकडचेही ते हसून ऐकून घेतात. आपल्याकडे पत्रिका जुळत नाही असे सांगून कित्येक घरांची अब्रू आणि कित्येक जुने स्नेह शाबूत राहिले आहेत, तेच काम तिथे उच्चशिक्षण करते.

हे आईबाप एवढे धास्तावलेले का असतात, याचे उत्तर चांगली कादंबरी वादविवादातून देत नाही, सामानातून देते. 1979 च्या क्रांतीनंतर आणि 1980 ते 1988 या काळातल्या इराकबरोबरच्या युद्धात जी कुटुंबे बाहेर पडली, त्यांतल्या अनेकांनी घर, हुद्दा आणि नातेवाइकांचा गोतावळा मागे टाकला. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात त्यांनी फारसी पुस्तकांची, गालिच्यांची आणि केशर-गुलाबपाण्याच्या आइस्क्रीमची दुकाने थाटली, लोकांनी त्या वस्तीला कौतुकाने तेहरांजेलिस म्हटले, आणि 2010 मध्ये नगरपालिकेने तिथल्या चौकाला पर्शियन स्क्वेअर असे नाव दिले. मागे टाकता न येण्यासारखी आणि जकात नाक्यावर न अडणारी जी मालमत्ता त्यांच्याबरोबर आली, तिच्यात मुलांची लग्ने कशी व्हावीत याबद्दलच्या कल्पना होत्या. कायद्याची सावलीही इतक्या दूर पोहोचते. इराणच्या नागरी संहितेचे 1059 वे कलम मुस्लिम स्त्रीला बिगरमुस्लिम पुरुषाशी विवाह करू देत नाही, आणि 1060 व्या कलमानुसार इराणी स्त्रीने परदेशी नागरिकाशी लग्न करायचे तर सरकारची परवानगी लागते. त्यामुळे मुलीच्या लग्नाची नोंद इराणी कागदपत्रांत व्हावी असे ज्यांना वाटते, ते मद्य घेणारे आणि मशिदीची पायरी न चढणारे वडीलसुद्धा भावी जावयाला एखाद्या मौलवीपुढे बसवून इस्लाम स्वीकारल्याचे चार अरबी शब्द म्हणायला लावतात. त्यात 2017 च्या जानेवारीत अमेरिकेने इराणसह काही देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, आणि ज्या आजीच्या होकारावर सगळे लग्न अडलेले असते तिला लग्नाला यायला व्हिसाच मिळत नाही असा पेच कादंबऱ्यांना वास्तवाने आयता पुरवला.

यातला उपरोध असा की जे तेहरान जपण्यासाठी ही सगळी यातायात चालते, ते खुद्द तेहरानमध्ये राहिलेले नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची तिथे एवढी चर्चा होऊ लागली की या सहजीवनाला 'पांढरे लग्न' असे नाव पडले, आणि 'झनान-ए इमरूझ' या स्त्रियांच्या मासिकाने त्यावर अंक काढला म्हणून 2015 मध्ये ते मासिक काही काळ बंद करण्यात आले. सुट्टीत इराणला गेलेली कॅलिफोर्नियाची नायिका तिथल्या मामेबहिणीचे राहणीमान पाहून थक्क होते आणि परत येऊन आईला त्यातले काहीच सांगत नाही, हे मला अगदी पटते. न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुले पुण्यातल्या चुलतभावंडांबद्दल याच सुरात बोलताना मी ऐकली आहेत.

वाईट कादंबऱ्याही पुष्कळ आहेत, त्यांचे थोडक्यात आटोपते. मुखपृष्ठावर फोडलेले डाळिंब, आत गडगडणारा बाप, आणि मुलीला या 'मागासलेल्या' घरातून सोडवणारा निळ्या डोळ्यांचा तारणहार. त्यांत केशराचा वास दर दहा पानांनी येतो आणि माणूस एकही भेटत नाही.

मला ओढ वाटते ती दोघेही इराणी असलेल्या कथांची. तेहरानमधून आलेल्या यहुदी घरातली मुलगी आणि तेहरानमधूनच आलेल्या मुस्लिम घरातला मुलगा घ्या. दोघांच्या घरी तोच आंबटसर घोर्मे सब्झी, म्हणजे पालेभाज्या घातलेला मटणाचा रस्सा, शिजतो, दोघांच्या आज्या यल्दाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लांब, रात्री हाफिज या कवीचा दीवान (काव्यसंग्रह) उघडून शकुन पाहतात, दोघांचे बाप त्याच गायिकेच्या जुन्या कॅसेटवर हळवे होतात, आणि लग्नाचा विषय निघाला की हे सगळे साम्य कुचकामी ठरते. परका मुलगा निदान अजाण म्हणून माफ होतो. हा मुलगा आईच्या गोड बोलण्यातला प्रत्येक नकार पहिल्याच फटक्यात ओळखतो आणि तितक्याच गोडव्याने न ओळखल्यासारखे करतो. इराणी यहुदी लोक वल्हांडण सणाच्या जेवणात एक गाणे म्हणताना पातीच्या कांद्याने एकमेकांना मनसोक्त झोडतात. या जेवणाला 'कॉलेजचा मित्र' म्हणून आलेल्या मुस्लिम मुलाला नायिकेचे वडील कांद्याची पात जरा जास्तच जोराने हाणतात, असा प्रसंग कोणीतरी लिहावा अशी माझी फार इच्छा आहे. इतक्या वर्षांच्या तारुफनंतर त्या बापाला मनातले बोलण्याची ती एकमेव सोय असेल.

फारसी प्रेमकाव्य म्हटले की लैला आणि मजनू आठवतात, आणि ते दोघे मरतात. आधुनिक प्रेमकादंबरीला मात्र सुखान्ताशिवाय गत्यंतर नाही, म्हणून तिचे मूळ मी फिरदौसीने 1010 मध्ये पूर्ण केलेल्या शाहनामा या इराणी महाकाव्यातल्या झाल आणि रूदाबे यांच्या कथेत शोधते. पांढऱ्या केसांचा म्हणून जन्मताच बापाने डोंगरावर टाकून दिलेला झाल मोठेपणी काबूलच्या राजाची मुलगी रूदाबे हिच्यावर, केवळ वर्णन ऐकून, भाळतो. ती पडली झहाक या दुष्ट राजाच्या वंशातली, म्हणजे इराणच्या दरबारी वर्ज्य. मुलीचा बाप मेहराब रागाने तलवार उपसतो. मुलाचा बाप साम टाकून दिल्याच्या अपराधी जाणिवेपोटी मुलाचा शब्द कधीही न मोडण्याचे वचन देऊन बसलेला असतो आणि आता ज्योतिष्यांना बोलावतो. सम्राट त्याला काबूलवर चालून जायला फर्मावतो. या सगळ्या पुरुषी गोंधळातून वाट काढते ती रूदाबेची आई सिंदुख्त. नवऱ्याचा हात तीच धरते, आणि मग स्वतः घोड्यावर बसून, भरघोस नजराणे घेऊन, एखाद्या वकिलासारखी थेट सामच्या छावणीत जाते. कर्तबगारीने तिला मागे टाकील अशी आई मला अजून एकाही आधुनिक कादंबरीत भेटलेली नाही, पण पहिल्या दोनशे पानांत मुलीला "लोकांना काय तोंड दाखवू" म्हणणारी आणि शेवटी तोंडात साखर ठेवून नवऱ्याला, दिराला आणि नणंदेला क्रमाक्रमाने वळवणारी प्रत्येक वेस्टवुडवासी आई तिच्याच माहेरची आहे.

मग लग्न लागते. आरसा आणि मेणबत्त्या मांडलेल्या सोफ्र्यासमोर, म्हणजे लग्नासाठी अंथरलेल्या वस्त्रासमोर, वधूवर बसतात, विवाहित बायका त्यांच्या डोक्यांवर पांढरे वस्त्र धरून त्यावर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात, आणि लग्न लावणारा वधूला विचारतो, संमती आहे का? वधू गप्प. बायका ओरडतात, वधू फुले वेचायला गेली आहे. दुसऱ्यांदा विचारतो, ती गुलाबपाणी आणायला गेलेली असते. तिसऱ्यांदा मात्र ती बोलते, आणि ठरलेले शब्द असे आहेत: माझ्या आईवडिलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या परवानगीने, होय. काही लेखिका हे वाक्य गाळतात; ज्या मुलीने सगळ्या घराशी भांडून मुलगा निवडला तिच्या तोंडी परवानगीची भाषा त्यांना शोभत नाही, आणि नेमकी तिथेच त्या कथेतली सर्वांत मोठी थट्टा हातची घालवतात. पहिल्या दोन वेळच्या मौनाने घामाघूम झालेल्या बिचाऱ्या नवरदेवाला कोणीतरी आधी सांगून ठेवायला हवे होते, पण चांगल्या कादंबरीत ते त्याला कोणीही सांगत नाही, सासूबाई तर मुळीच नाही.