अण्णांची चालती गाडी मी का उघडली

दर गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच. मखराशेजारी अण्णांचा रेल्वेचा लेआउट मांडलेला असतो, पोरं गुडघ्यांवर बसून ग्वाल्हेरच्या जुन्या छोट्या रेल्वेवरच्या घोसीपुरा ते सबलगढ गाड्या पळवत असतात, आणि प्रसादाची वाटी हातात घेऊन एखादी आत्या म्हणते, "चांगलं चाललं होतं गं. कशाला त्यात ते रिमोट घातलंस?" आजवर मी उत्तर न देता आत जात आले. यंदा लिहूनच टाकते.

पहिलं म्हणजे, ते चाललेलं नव्हतं. दोन गणपती त्या फळ्या पलंगाखालून बाहेरसुद्धा निघाल्या नव्हत्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, आणि तरी सगळे "चाललं होतं" म्हणतात.

अण्णांच्या पद्धतीत रुळांत शून्य ते बारा व्होल्ट डीसी. नॉब फिरवाल तितका वेग. तारांची दिशा उलटली की गाडी उलटी. म्हणजे आपण इंजिन चालवतच नसतो, रूळ चालवत असतो. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळणार. म्हणून अण्णांनी रूळ बारा ठिकाणी तोडून बारा सेक्शन केले, बारा स्विच लावले. गाडी सातमध्ये शिरायच्या आत सातचा स्विच टाकायचा, मागचा सहाचा काढायचा. डावा हात नॉबवर, उजवा स्विचवर. अण्णांची उजवी बाजू लुळी पडली आणि ते सगळंच थांबलं.

"राजवाड्यातल्या चांदीच्या गाडीला कुठे कॉम्प्युटर आहे?" असंही मला ऐकवलं गेलं आहे. जयविलासातल्या जेवणाच्या टेबलावरची ती गाडी मलाही लहानपणापासून आवडते. पण ती एक गाडी आहे, एका रुळावर. दुसरी समोरून येत नाही.

आणि मी घातलेली ही डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, ही काही कालची टूम नाही. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने 1980 च्या दशकात ती उभी केली, पुढच्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने तिचं प्रमाण ठरवलं. रुळांत कायम पंधराएक व्होल्ट असतात, त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते, आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप असतो: 58 मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे एक, शंभराच्या आसपासचा म्हणजे शून्य. इंजिनात बसवलेली छोटी चकती, डिकोडर, आपला नंबर पुकारला गेला की तेवढंच ऐकतो. सेक्शन नकोत, बारा स्विच नकोत. एका हाताचं काम. अण्णांना एकच हात उरला होता, म्हणून मी ते केलं.

हे उत्तर मी इतक्यांदा मनात म्हटलंय की मलाही ते पूर्ण खरं वाटू लागलं होतं. पण कंट्रोलरचा डबा मी अण्णांच्या आजारपणाच्या चार महिने आधीच मागवला होता. कपाटात साड्यांमागे ठेवला होता. मला तो हवाच होता. आजारपणाने फक्त तो बाहेर काढायला कारण दिलं.

आता त्या संध्याकाळचं सांगते. अण्णांचं मन मोडायला नको म्हणून मी अर्धंच काम केलं होतं. बाहेरचा लूप नव्या कंट्रोलरवर, आतला त्यांच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर, मधे रूळ बदलायचा सांधा, आणि सांध्यावर दोन्ही रुळांत इन्सुलेशनचा खंड. त्यांचं काळं टँक इंजिन मी स्वतः उघडलं. तीन रात्री लागल्या. जुन्या मोटरीत ब्रश दाबणाऱ्या स्प्रिंगचा एक पाय थेट धातूला टेकलेला असतो. तो तसाच राहिला तर डिकोडर जळतो. दोन्ही पायांवर नळी चढवली. लाल आणि काळी तार चाकांकडून, केशरी आणि करडी मोटरीला. भिंग लावून चार-चारदा तपासलं. आणि डिकोडर साध्या डीसीवरही चालतो, म्हणून अण्णांना मोठ्या खात्रीने सांगितलं, "अण्णा, दोन्हीकडे चालेल. तुम्ही तुमच्या बाजूला घ्या."

दोन्हीकडे चालेल हे खरं होतं. दोन्हीकडे एकदम नाही. पुस्तिकेत चौकटीत तसं छापलेलं होतं, आणि मी ते वाचलं होतं.

मी इंजिन सांध्यावर आणलं. अण्णांनी सवयीप्रमाणे सांधा येताना नॉब खाली घेतला. पुढची चाकं त्यांच्या रुळावर, मागची माझ्या, आणि इंजिन थांबलं. माझ्या डब्यावर लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गाडी अडली की अण्णांनी आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी आताही केलं: डाव्या हाताने नॉब पूर्ण फिरवला. तीन-चार सेकंद. आधी वास आला, मग बॉयलरच्या माथ्यावर प्लास्टिक आत बसताना दिसलं, सायीला बोट लागावं तसं.

अण्णांनी प्लग काढला. इंजिन उचलून उलटं केलं, नाकाशी धरलं, आणि म्हणाले, "माझ्याकडून झालं का?"

मी "नाही" म्हणाले. पण "माझ्याकडून झालं" असं म्हणाले नाही. ते मी आठ महिन्यांनी म्हणाले, तेव्हा अण्णांनी मान हलवली आणि चहा मागितला.

पुढे मी सगळाच लेआउट नव्या पद्धतीवर नेला, जुना ट्रान्सफॉर्मर काढून टाकला. मोटर शाबूत होती. दुसरा डिकोडर बसवला. माथ्यावरचा खळगा तसाच आहे, पोरं त्यात बोट घालून बघतात.

कधीकधी वाटतं, स्विचची पाटी उचलून डावीकडे लावली असती आणि नॉबवर मी बसले असते, तरी भागलं असतं. दोन स्क्रूंचं काम. तेव्हा मला ते सुचलं नाही, की कपाटातल्या डब्याने सुचू दिलं नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. आणि दुसऱ्याच क्षणी आठवतं, नंतरचे दोन गणपती अण्णांनी एका अंगठ्याने दोन गाड्या एकाच लाइनवर चालवल्या, मोतीझीलला एकीला थांबवून दुसरीला वाट दिली, कुणाच्याही मदतीशिवाय.

स्विचची पाटी मी काढलेली नाही. मागच्या तारा मीच कापल्या होत्या, अण्णांच्या समोर बसून. तरीही गाडी सातकडे निघाली की ते हँडसेट मांडीवर ठेवायचे आणि डाव्या हाताने, शरीर वळवून, सातचा स्विच टाकायचे. मग सहाचा काढायचे. मी बघत असायचे. विचारलं कधी नाही.