होऊ द्या

२८ मे, रात्री पावणेअकरा

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, चौथा दिवस. कूलरच्या टाकीत संध्याकाळपासून दोनदा पाणी टाकलं तरी खोली थंड व्हायचं नाव नाही, झोप तर येणारच नाही, म्हणून लिहूनच टाकतो. उद्या ऑफिसच्या गडबडीत हे राहून जाईल आणि मला ते राहू द्यायचं नाही.

दुपारी दीडला मानेवाडा रोडवर गाडीचं मागचं चाक बसलं, तुकडोजी पुतळ्याच्या बरंच अलीकडे. त्या उन्हात गाडी ढकलायची म्हणजे काय ते नागपूरवाल्याला सांगायला नको. दुपट्टा बांधूनही कानशिलं भाजून राहिली होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बरंच अंतर ढकलल्यावर कडुनिंबाखाली एक पंक्चरवाले काका दिसले. जुन्या टायरवर फळी, फळीवर डबा, जेवत होते. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "या, जेवाले."

मी म्हटलं, "होऊ द्या काका, होऊ द्या."

हे आपलं ठरलेलंच असते ना. कोणी जेवत असलं की तो "या" म्हणतो, आपण "होऊ द्या" म्हणतो अन् पुढं जातो. लहानपणापासून हजारदा म्हटलं असेल. पण काकांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "होऊ द्या म्हणजे? घरून जेवून निंगाले काय?" मला खोटं बोलता आलं नाही. "मंग बसा ना. उपाशीपोटी ऊन लागते. पंक्चर कुठं पळून नाही चाललं."

माठातलं पाणी प्यालो, हात धुतले, बसलो. अर्धी ज्वारीची भाकर अन् तक्कू. किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट, वरून फोडणी, बस. घरी आई पण करते, पण आज तो तक्कू जिभेवर गेला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं का कशानं माहीत नाही. काका काही विचारत नव्हते, कुठले, काय करता, काही नाही. त्यांच्या डब्यात दोनच भाकरी होत्या हे मला अर्धी खाऊन झाल्यावर दिसलं.

मग त्यांनी ट्यूब काढली, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, पॅच मारला. शंभर रुपये म्हणाले. मी दोनशेची नोट दिली अन् म्हटलं, राहू द्या. त्यांनी शंभर परत माझ्या हातावर ठेवले, मूठ बंद केली. रागावले नाहीत, पण चेहरा जरा उतरला. "पंक्चरचे घेतले ना भाऊ," एवढंच.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी ते जास्तीचे शंभर कशाला देऊन राहिलो होतो? त्यांना गरज असेल म्हणून? खरं सांगायचं तर मला मोकळं व्हायचं होतं. कोणाचं काही अंगावर राहिलं की मला टोचते. आपल्याकडे कर्ज पण फेडतात अन् उपकार पण फेडतात, शब्द एकच, आणि मी आयुष्यभर तोच शब्द धरून बसलो. उपकार मानायचे पण असतात, ते मला जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, ॲडमिट होते. तिथं गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट येतात, नातेवाईक चटई टाकून झोपतात. बाजूच्या बेडवर गडचिरोलीकडचे एक आजोबा, सोबत त्यांची सून. तिसऱ्या रात्री मला बसल्याबसल्या डोळा लागला तर त्या बाईनं उठवलं नाही, बाबांची सलाईन तीच पाहत बसली, संपत आली तेव्हा सिस्टरला बोलावून आणलं अन् मग मला म्हणाली, "झोपा भाऊ, दुसरी लावली." पहाटेचे चार वाजले होते. म्हणजे ती जागीच होती. सकाळी मी काय केलं, तर खाली जाऊन बिस्किटाचे पुडे, केळी आणून तिच्यासमोर ठेवली. हिशोब चुकता. डिस्चार्ज झाला तेव्हा नीट बोललो पण नाही तिच्याशी. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

द्यायला मला कधीच जड गेलं नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतल्या पोरांसोबत रहाटे कॉलनी चौकात पाणी वाटायला उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत दीक्षा घेतली ती जागा तिथून जवळच, अजून लाखो लोक येतात, कोणी जेवण वाटते, कोणी औषधं. मागच्या वर्षी यवतमाळकडचे एक म्हातारे बाबा आले, डोक्यावर गाठोडं. ग्लास घेतला, प्याले, अजून एक मागितला, मग ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोटात थंड पडलं बाप्पा." संकोच नाही, घाई नाही, आपल्याच लेकाच्या घरी पाणी प्यावं तसे. तेव्हा मला वाटलं होतं की मी काहीतरी दिलं. आज वाटून राहिलं की आम्हा दोघांमध्ये अवघड काम होतं ते त्यांचं, घेण्याचं, आणि ते त्यांनी किती सहज केलं.

काकांना मी निघताना काहीच बोललो नाही. भाकर छान होती, हे तरी म्हणायला पाहिजे होतं. काकूंनी केली असेल, त्यांच्यापर्यंत पोचलं असतं.

मघाशी कचरा टाकायला खाली गेलो तर वॉचमनकाका खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. रोजच्यासारखं म्हणाले, "या साहेब, जेवा." तोंडात होऊ द्या आलंच होतं.

विचारलं, भाजी कायची आहे काका?

पातळ भाजी, म्हणाले, अन् डबा पुढं केला. मिरची जाळ होती. मी तसं सांगितलं तर केवढे हसले.