भागाकारातलं हरवलेलं शून्य

परवा रविवारी गावी गेलो होतो, स्वारगेटवरून भोरची एसटी पकडली की पुढे आमचं गाव, धड खेडं नाही नि धड शहर नाही. भाची आठवीत आहे, झेडपीच्या शाळेत. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरणार म्हणाली म्हणून जवळ बसवून सहज एक गणित घातलं, ६१२ भागिले ६. पोरीने झटकन उत्तर लिहिलं, १२.

मधलं शून्यच गायब! अगं एकाला सहाचा भाग जातो का? "नाही जात मामा." मग तिथे काय लिहायचं? गप्प. शून्य मांड म्हटलं, मांडलं, स्वतःच १०२ ला ६ ने गुणून ताळा करून बघितला आणि तोंडभर हसली. पाच मिनिटं लागली फक्त. पुढची चार गणितं न अडखळता सोडवली.

तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं ही 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातली गणिताची सगळ्यात वरची पायरी. दर वेळी आकडे आले की आपण म्हणतो बघा, झेडपीच्या पोरांना भागाकार येत नाही. पण शिकवायला कोण आहे ते कुणी विचारतच नाही. हिच्या शाळेत गणित-विज्ञानाचे सर बदलून गेले ते गेलेच, पद रिकामं. भाषेच्या बाई मराठी, इंग्रजी सांभाळून गणितही घेतात, त्यात ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, खिचडीचा हिशोब ठेवा. बाईंना मी कधीच नावं ठेवणार नाही, सुट्टीतपण त्या पोरांना बोलवून शिष्यवृत्तीचे पेपर सोडवून घेतात.

खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र या तिन्हीला किमान एकेक शिक्षक पाहिजे असं स्पष्ट आहे. पटसंख्या कमी, संचमान्यतेत म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर त्या सरकारी हिशोबात बसत नाही, ही कारणं पोरांना सांगून काय उपयोग? आठवीचं वर्ष त्यांना एकदाच मिळतं ना.

आणि एनएमएमएस म्हणजे काही छोटी गोष्ट नाही. पास होऊन निवड यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ताई दुसऱ्यांच्या शेतावर जाते, तिच्यासाठी हे पैसे म्हणजे पोरीचं शिक्षण चालू राहणं. एका शून्यापायी ते जावं हे मला सहन होत नाही.

सरपंचांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून आलो, पदासाठी ठराव करून पंचायत समितीकडे पाठवायचं ठरलंय. तोवर दर रविवारी सकाळच्या एसटीने मी जातोय. भाचीने वर्गातल्या अजून सहा जणांना सांगून ठेवलंय, ओटीवर सतरंजी टाकते म्हणाली. या वेळी अपूर्णांक घ्यायचेत, जाताना मंडईतून खडूचा बॉक्स घ्यायचाय.